फळझाडांचे काढणीनंतरचे नत्रपोषण

फळांची काढणी पुरी झाल्यावर आणि पुढील बहाराची वाढ सुरू होण्यापूर्वी बहुवर्षायू फळझाडांना नत्रयुक्त (नायट्रोजनयुक्त) खत जमिनीतून किंवा पानांवाटे देण्याच्या पद्धतीस काढणीनंतरचे नत्रपोषण म्हणतात. चालू हंगामातील फळांना या नत्राचा काहीही उपयोग होत नाही, कारण ती अगोदरच उतरविलेली असतात. झाडाच्या मुळांत, खोडात व जुन्या फांद्यांत नत्राचा साठा व्हावा आणि पुढील फुटीच्या वेळी तो उपयोगी पडावा, हा या पोषणाचा हेतू असतो. गहू, कांदा यांसारख्या पिकांचे आयुष्य काढणीबरोबर संपते. फळझाडाच्या बाबतीत मात्र एका पिकाची काढणी ही पुढील पिकाच्या तयारीची सुरुवात असते. महाराष्ट्रात या विषयाला सर्वांत अधिक महत्त्व नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत आले आहे. तेथे काढणी आणि पुढील छाटणी यांमध्ये जेमतेम तीन-चार आठवड्यांचे अंतर असते व त्या अवधीत वेलीची हयगय झाली, तर तिचे परिणाम पुढील हंगामात दिसून येतात. [⟶ खते, छाटणी, द्राक्ष].

नत्राचा साठा व त्याचे कार्य : नत्र हा प्रथिने, न्यूक्लिइक अम्ले, एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांना चालना देणारी प्रथिने) आणि हरितद्रव्य यांचा आवश्यक घटक आहे. नव्या फुटीतील कोवळ्या पेशींना त्याची फार मोठी गरज असते. तथापि डोळे फुटतात त्या वेळी झाडावर पाने नसतात किंवा अत्यंत लहान असतात. मुळांनी जमिनीतून नायट्रेट शोषून त्याचे ॲमिनो अम्लांत रूपांतर करण्यास लागणारी ऊर्जा व कार्बनी सांगाडे कार्बोहायड्रेटांपासून मिळतात आणि कार्बोहायड्रेटे तयार करण्याचे काम पानांचे आहे. यामुळे पहिली काही पाने पूर्ण विकसित होईपर्यंत झाडाला मुख्यतः साठविलेल्या नत्रावर व साठविलेल्या स्टार्चवर अवलंबून राहावे लागते.

साठ्यातील नत्र दोन स्वरूपांत असते. एक म्हणजे साल व मुळे यांतील साठवणीची प्रथिने आणि दुसरे म्हणजे मुक्त ॲमिनो अम्ले. द्राक्षवेलीत या अम्लांपैकी आर्जिनीन हे प्रमुख आहे. आर्जिनिनाच्या एका रेणूत कार्बनाचे सहा आणि नत्राचे चार अणू असतात. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ३२ टक्के नत्र असते. सर्वसाधारण प्रथिनांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे थोडा कार्बन खर्चून अधिक नत्र साठविण्याची ही काटकसरीची व्यवस्था आहे. डोळे फुटू लागले की ही प्रथिने व अम्ले विघटित होऊन प्रकाष्ठरसाबरोबर वर वाढबिंदूंकडे जातात.

समशीतोष्ण प्रदेशातील पानझडी झाडांत साठ्याचा आणखी एक मोठा मार्ग असतो. शरद ऋतूत पाने पिवळी पडू लागली की त्यांतील प्रथिनांचे विघटन होते आणि पानांतील नत्राचा बराचसा भाग गळतीपूर्वी फांद्यांत व खोडात परत घेतला जातो. पान गळते तेव्हा त्यात नत्र थोडेच उरलेले असते. उष्ण प्रदेशातील सदाहरित झाडांत आणि सदाहरित ठेवल्या जाणाऱ्या वेलींत हा मार्ग पूर्णपणे उपलब्ध नसतो. नाशिकच्या द्राक्षवेलीचा विचार करताना ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी लागते.

संशोधनाचा विकास : झाडातील कार्बोहायड्रेटे व नत्र यांच्या परस्पर प्रमाणावर त्याची शाकीय वाढ व फलधारणा अवलंबून असते, असा विचार अमेरिकेतील ई. जे. क्राउस व एच. आर. क्रेबिल यांनी टोमॅटोवरील प्रयोगांवरून १९१८ मध्ये मांडला. पुढील संशोधनात हे सूत्र फार ढोबळ असल्याचे दिसून आले. तरीही फळझाडांना नत्र केव्हा व किती द्यावे, या प्रश्नाकडे उद्यानवैज्ञानिकांचे लक्ष त्यामुळे वेधले गेले. नॉर्वेतील के. ओलँड यांनी १९६० च्या सुमारास सफरचंदाच्या झाडांवर काढणीनंतर यूरियाच्या तीव्र विद्रावाचे फवारे दिले. पाने गळण्याच्या बेतात असल्याने ती करपली तरी झाडाचे नुकसान होत नाही आणि मधल्या काळात त्यांनी शोषलेले नत्र फांद्यांत जाऊन साठते, असे त्यांना आढळले. नंतर नायट्रोजन–१५ या स्थिर समस्थानिकाचा मागोवाद्रव्य म्हणून उपयोग होऊ लागला. त्यायोगे वसंत ऋतूतील नव्या फुटीतले नत्र कोणते साठ्यातले आणि कोणते जमिनीतून नव्याने घेतलेले, हे वेगवेगळे दाखविता आले. दक्षिण आफ्रिकेत डब्ल्यू. जे. कॉनराडी यांनी १९८० च्या दशकात द्राक्षवेलीवर केलेल्या प्रयोगांत वर्षभरात शोषल्या जाणाऱ्या नत्राचा लक्षणीय हिस्सा काढणीनंतरच्या काळात घेतला जातो, असे दिसून आले. त्या देशातील द्राक्षप्रदेशात काढणीनंतरही कित्येक आठवडे उबदार हवा असते आणि वेलीवर पाने टिकून असतात. नाशिकला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत; कारण येथील वेलीचे वर्ष वेगळ्या रीतीने विभागलेले आहे.

नाशिकची द्राक्षवेल : द्राक्षवेल (लॅ. व्हायटिस व्हिनिफेरा, कुल–व्हायटेसी) ही मूळची समशीतोष्ण प्रदेशातील पानझडी वनस्पती आहे. तिकडे हिवाळ्यात तिची पाने गळतात, ती सुप्तावस्थेत जाते व तिची वर्षातून एकदाच छाटणी होते. नाशिकच्या हवामानात तिला पुरेशी थंडी मिळत नसल्याने ती सदाहरित राहते. तिला विसावा व फूट या दोन्ही गोष्टी छाटणीने आणि पाणी व खत यांच्या नियमनाने घडवून आणाव्या लागतात. यासाठी महाराष्ट्रात दोन छाटण्या व एक पीक ही पद्धत रूढ झाली आहे. फळे काढल्यावर साधारणतः एप्रिलमध्ये जी छाटणी करतात तिला खरड छाटणी किंवा एप्रिल छाटणी म्हणतात. तीत मागील हंगामाच्या काड्या ओलांड्यापर्यंत (तारेवर आडव्या वाढविलेल्या कायम शाखेपर्यंत) एक-दोन डोळे ठेवून छाटतात. त्यांपासून येणाऱ्या नव्या काड्यांवरील डोळ्यांत सूक्ष्म घडांची निर्मिती होते. ऑक्टोबरच्या सुमारास याच काड्या काही डोळ्यांवर छाटतात. तिला गोडी छाटणी किंवा ऑक्टोबर छाटणी म्हणतात. तिच्यानंतर घड बाहेर पडतात आणि जातीनुसार साधारणतः १२० ते १४० दिवसांनी फळ काढणीस येते. निफाड, दिंडोरी, नाशिक व चांदवड या तालुक्यांत ही काढणी मुख्यतः जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत चालते. सटाणा, कळवण, देवळा व मालेगाव या भागांत लवकर येणारी द्राक्षे घेण्यासाठी दोन्ही छाटण्या बऱ्याच अगोदर करतात. तेथे काढणीनंतरचा काळ भर हिवाळ्यात येतो.

भोकरी, फकडी, पंढरी साहेबी या जुन्या जातींच्या काळी नाशिक भागातील वेली पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवीत असत. पांगारा हा शिंबावंत (शेंगा येणाऱ्या) कुलातील असून त्याच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नत्र स्थिर करतात. शेणखत व पेंड यांच्या जोडीला हा एक नैसर्गिक पुरवठाच होता. पुढे थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका इ. बिनबियांच्या जाती, लोखंडी मांडव, ठिबक सिंचन व रासायनिक खते आली. १९९० नंतरच्या काळात खारवट जमीन व पाणीटंचाई यांना तोंड देण्यासाठी डॉगरिज या खुंटावर कलम केलेल्या वेलींचा प्रसार झाला. हा खुंट जोमदार असल्याने त्यावरील वेल नत्राला फार जोराने प्रतिसाद देते. स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या वेलींसाठी ठरविलेल्या मात्रा कलमी वेलींना जशाच्या तशा देणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

नाशिकच्या वेलीचे समशीतोष्ण प्रदेशातील वेलीशी असलेले दोन भेद नत्रपोषणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला भेद असा की, तिची पाने पिवळी होऊन गळत नाहीत, तर हिरवी असतानाच छाटली जातात. पानांतील नत्र खोडात परत जाण्याचे काम अर्धवट राहते आणि ते नत्र छाटणीबरोबर वेलीपासून तुटते. दुसरा भेद असा की, जवळजवळ सर्व काड्याही काढून टाकल्या जात असल्याने त्यांतील साठाही जातो. छाटणीनंतर उरतात ती मुळे, खोड व ओलांडे. काढणी व खरड छाटणी यांमधील काळात जो साठा या तीन भागांपर्यंत पोहोचतो, तेवढाच पुढील फुटीच्या कामी येतो.

या साठ्यावर वाढणाऱ्या एप्रिल–मेच्या फुटीत छाटणीनंतर साधारणतः ४० व्या ते ७० व्या दिवसांदरम्यान डोळ्यांमध्ये घडांचे सूक्ष्म आद्यक तयार होतात. हेच घड ऑक्टोबर छाटणीनंतर बाहेर पडतात व पुढील वर्षाच्या आरंभी पिकतात. म्हणजे फेब्रुवारी–मार्चमध्ये वेलीची घेतलेली काळजी सुमारे वर्षभराने घडाच्या रूपाने दिसते. कारण व परिणाम यांतील या दीर्घ अंतरामुळेच काढणीनंतरच्या पोषणाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. माल विकला गेला की बागेचे पाणी तोडणे, कोळी व भुरी यांकडे काणाडोळा करणे आणि बाजारभावाच्या आशेने काढणी लांबल्यास लगेच छाटणी उरकून घेणे, असे प्रकार घडतात. अशा बागेत फूट असमान येते, काही डोळे फुटतच नाहीत आणि काड्या बारीक राहतात. दोष मात्र पुष्कळदा ऑक्टोबरनंतरच्या हवामानाला दिला जातो.

विसाव्याचा काळ : काढणीनंतर खरड छाटणीपूर्वी वेलीला साधारणतः तीन ते चार आठवडे, निदान १५ ते २० दिवस, विसावा देणे इष्ट असते. येथे विसावा याचा अर्थ वेलीचे काम थांबणे असा नाही. घडांचा ओढा संपल्यामुळे पानांत तयार होणारी शर्करा या काळात मुळे व खोड यांकडे वळते, पांढऱ्या शोषक मुळांची वाढ होते आणि शोषलेले नत्र साठ्याच्या स्वरूपात बदलले जाते. याकरिता तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : कार्यक्षम पाने, ओलसर जमीन व माफक नत्र. तिन्हींपैकी एक नसेल, तर उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाही. पाने रोगाने करपलेली असल्यास दिलेले नत्र नायट्रेटाच्या रूपात जमिनीतच राहते. मार्च–एप्रिलमध्ये विहिरींचे पाणी आटते; कोरड्या जमिनीत टाकलेले खत मुळांपर्यंत पोहोचत नाही व पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर खाली निघून जाते.

यास्तव काढणी संपताच प्रथम हलके पाणी देऊन पहिल्या आठवड्यातच नत्र देतात. ठिबक सिंचन असल्यास पाण्यात विरघळणारे खत दोन-तीन हप्त्यांत विभागून देता येते. ठिबक नसल्यास ओळीच्या दोन्ही बाजूंस उथळ चर काढून त्यात खत टाकून मातीने झाकतात. छाटणी अगदी जवळ आली असताना नत्र देण्यात विशेष अर्थ नसतो, कारण ते साठ्यात जाण्यास लागणारा वेळच मिळत नाही. त्याचप्रमाणे विसाव्याच्या काळात वेलीवर नवी कोवळी फूट येऊ लागली, तर नत्र किंवा पाणी प्रमाणाबाहेर झाले असे समजावे. अशी फूट साठा वाढविण्याऐवजी खर्च करते.

मात्रेचा हिशेब : काढणीनंतर किती नत्र द्यावे याचे सर्व बागांना लागू पडणारे एकच उत्तर नाही, मात्र पिकाबरोबर किती नत्र बाहेर गेले, यावरून त्याची मर्यादा ठरविता येते. एक टन द्राक्षांबरोबर साधारणतः १.५ ते २ किग्रॅ. नत्र बागेबाहेर जाते. हेक्टरी २५ टन उत्पन्न धरल्यास हा आकडा ३७ ते ५० किग्रॅ. होतो. ही भरपाई वर्षभरात विभागून करावयाची असते. काढणीनंतरचा हप्ता हा तिचा केवळ एक भाग होय. पुढील मोठी गरज खरड छाटणीनंतर फूट वाढत असताना आणि गोडी छाटणीनंतर घड बाहेर पडून मणी धरेपर्यंत असते.

छाटलेल्या पाल्याचाही हिशेब करावा लागतो. काढणीच्या सुमारास पानांच्या शुष्क वजनात दीड ते दोन टक्के नत्र असते. हेक्टरी दोन टन शुष्क पाला निघाला असे धरल्यास त्यात ३० ते ४० किग्रॅ. नत्र असते, म्हणजे जवळजवळ सगळ्या पिकाबरोबर जाते तेवढे. हा पाला बांधावर जाळला, तर ते नत्र वायुरूपात नाहीसे होते. बारीक करून ओळींमध्ये पसरला किंवा कंपोस्ट केले, तर ते सावकाश परत मिळते. काड्यांत मात्र कार्बनाचे प्रमाण फार असल्याने त्यांचे तुकडे कुजविणारे सूक्ष्मजंतू सुरुवातीला जमिनीतीलच नत्र वापरतात. म्हणून काड्यांचा भुगा मुळांजवळ गाडण्यापेक्षा आच्छादन म्हणून वर पसरणे चांगले. रोगट काड्या बागेबाहेर नेऊन नष्ट करणे आवश्यक असते.

विहिरीच्या पाण्यातील नत्र हा पुष्कळदा विसरला जाणारा घटक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिग्रॅ. नायट्रेट ही मर्यादा आहे. त्या मर्यादेइतके नायट्रेट असलेले पाणी वर्षात एकूण १०० मिमी. उंचीइतके दिले, तरी हेक्टरी सुमारे १० किग्रॅ. नत्र पाण्यातूनच मिळते. वर्षानुवर्षे भरपूर खत दिलेल्या बागांच्या परिसरात पाण्याचे रासायनिक परीक्षण करून घेणे त्यामुळे आरोग्याच्या व खर्चाच्या अशा दोन्ही दृष्टींनी उपयुक्त ठरते.

खताची निवड : नाशिक जिल्ह्यातील बऱ्याच द्राक्षबागा मध्यम ते भारी काळ्या जमिनींत आहेत. या जमिनी चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असून त्यांत सेंद्रिय द्रव्य कमी असते. अशा जमिनीच्या पृष्ठभागावर यूरिया (४६ टक्के नत्र) फेकला, तर यूरिएज या एंझाइमामुळे काही दिवसांतच त्याचे अमोनियात रूपांतर होऊन मार्च–एप्रिलच्या उन्हात त्याचा काही भाग हवेत उडून जातो. यूरिया मातीत मिसळून लगेच पाणी दिल्यास हा तोटा बराच टळतो. अमोनियम सल्फेटात (सुमारे २०.६ टक्के नत्र) गंधकही असते व त्याची विक्रिया अम्लधर्मी असल्याने ते चुनखडीच्या जमिनीत सोयीचे ठरते. हेक्टरी २० किग्रॅ. नत्र द्यावयाचे असल्यास यूरिया सुमारे ४३.५ किग्रॅ. किंवा अमोनियम सल्फेट सुमारे ९७ किग्रॅ. लागते. भारतात २०१५ पासून यूरियावर निंबतेलाचा लेप देणे बंधनकारक करण्यात आले. या लेपामुळे अमोनियमाचे नायट्रेटात रूपांतर होण्याची क्रिया मंदावते.

कॅल्शियम नायट्रेटासारख्या खतातील नत्र झाडाला त्वरित मिळते. परंतु नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नसल्याने जादा पाण्याबरोबर ते झिरपून जाते. भारी जमिनीत पाणी साचल्यास विनायट्रीकरणाने (नायट्रेटाचे वायुरूप नत्रात रूपांतर होण्याने) त्याचा नाश होतो. शेणखतात साधारणतः अर्धा टक्का नत्र असते. हेक्टरी १० टन शेणखतातून ५० किग्रॅ. नत्र जमिनीत जाते खरे, पण पहिल्या वर्षी त्याचा थोडा भागच उपलब्ध होतो. शेणखत, निंबोळी किंवा एरंडी पेंड आणि ओळींमध्ये पेरून गाडलेले ताग वा धैंचा यांचे मुख्य महत्त्व जमिनीची धारणशक्ती वाढविण्यात आहे. विसाव्याच्या अल्प काळातील तातडीची गरज त्यांनी भागत नाही. ती रासायनिक खताच्या लहान हप्त्याने भागवावी लागते.

पानांवरील फवारा हा पूरक उपाय आहे. काढणीनंतर पाने निरोगी असल्यास अर्धा ते एक टक्का यूरियाचा फवारा सकाळी किंवा सायंकाळी देता येतो. फवाऱ्यासाठी बाययुरेट हे अशुद्ध द्रव्य कमी असलेला यूरिया वापरावा लागतो. अन्यथा पाने करपतात. लिंबू वर्गातील झाडांना बाययुरेट विशेष अपायकारक असते.

अतिरेकाचे दुष्परिणाम : नत्राची उणीव असलेल्या वेलीची पाने, प्रथम जुनी व नंतर नवी, एकसारखी फिकट होतात, पेरे आखूड राहतात आणि घड लहान येतात. तथापि नाशिकच्या बागांत उणिवेइतकाच, किंबहुना अधिक, धोका अतिरेकाचा असतो. काढणीनंतरचा हप्ता मोठा दिला आणि त्यावर खरड छाटणीनंतर पुन्हा भरपूर नत्र दिले, तर काड्या लांब पेरांच्या व पोकळ वाढीच्या होतात, बगलफुटी बेसुमार येतात व मांडवाखाली दाट सावली पडते. डोळ्यातील अविकसित आद्यकापासून घड व्हावा की बाळी (वेलीचा ताणा), हे त्या काळातील प्रकाश, कार्बोहायड्रेटे आणि वाढद्रव्यांचा समतोल यांवर ठरते. जोमदार शाकीय वाढीत जिबरेलिनांचा वरचष्मा राहतो व आद्यक बाळीकडे झुकतो. ऑक्टोबर छाटणीनंतर मग घडाऐवजी बाळी किंवा अर्धवट घड निघतो. बागायतदार यास ‘घड जिरणे’ असे म्हणतात. शिवाय कोवळ्या वाढीवर केवडा व भुरी हे रोग अधिक पडतात आणि काडी पक्व होण्यास उशीर लागतो.

ही बेसुमार वाढ आवरण्यासाठी शेंडा मारणे, बगलफुटी काढणे आणि क्लोरमेक्वाट क्लोराइड (सीसीसी) या वाढनिरोधकाचा फवारा हे उपाय योजले जातात. या द्रव्याचे अवशेष द्राक्षांत मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने २०१० च्या हंगामात भारतातून यूरोपात गेलेला माल नाकारला गेला व निर्यातदार बागायतदारांना मोठा फटका बसला. त्यानंतर अवशेषांच्या तपासणीत या द्रव्याकडे विशेष लक्ष दिले जाऊ लागले. जोम आवरण्याची गरज ज्या बागेत कमी, त्या बागेत अशा द्रव्यावरील अवलंबनही कमी. म्हणून नत्राची मात्रा नेमकी ठेवणे हा या समस्येच्या मुळाशी जाणारा उपाय होय.

जादा नत्राचा उरलेला भाग पावसाळ्यात भूजलात जातो. लहान अर्भकांना पाजावयाच्या पाण्यात नायट्रेट जास्त असल्यास रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. बागेतील विहीर हीच पुष्कळ वस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचीही विहीर असते. त्यामुळे हा प्रश्न केवळ बागेपुरता राहत नाही.

परीक्षण : मात्रा अनुभवाने ठरविण्याऐवजी परीक्षणाने ठरविणे अधिक विश्वसनीय असते. द्राक्षात यासाठी पानाच्या देठाचे पृथक्करण करतात. खरड छाटणीनंतर साधारणतः ४५ व्या दिवशी काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा आणि गोडी छाटणीनंतर फुलोऱ्याच्या अवस्थेत घडासमोरील पानाचा देठ घेतात. पाते लगेच वेगळे करून बागेच्या सर्व भागांतून देठ गोळा करतात. पहिले परीक्षण घडनिर्मितीच्या वेळची स्थिती दाखविते. त्यावरून काढणीनंतर दिलेला हप्ता कमी पडला की जास्त झाला, याचाही अंदाज येतो व पुढील वर्षी त्यात बदल करता येतो. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र (स्थापना १९९७) आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे पिंपळगाव बसवंत येथील संशोधन केंद्र यांच्या कार्यामुळे, तसेच महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या मेळाव्यांतून, या विषयाची माहिती बागायतदारांपर्यंत पोहोचली आहे.

मद्यासाठी लावलेल्या द्राक्षांत आणखी एक दृष्टी ठेवावी लागते. रसातील यीस्टला उपलब्ध होणारे नत्र फार कमी असल्यास किण्वन मंदावते किंवा थांबते, तर वेलीला नत्र फार झाल्यास पाल्याची दाटी होऊन फळांचा रंग व स्वाद उणावतो. उत्पन्न मुद्दाम मर्यादित ठेवलेल्या अशा बागांत भरपाईची मात्राही त्या मानाने लहान असते.

इतर फळझाडे : नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव, सटाणा व देवळा या भागांत डाळिंबाची लागवड मोठी आहे. डाळिंबाला मृग, हस्त किंवा आंबिया यांपैकी एक बहार धरतात. काढणीनंतर झाडाची हलकी छाटणी करून शेणखत व नत्राचा काही भाग लगेच देतात आणि तीन-चार महिने विसावा देतात. बहार धरण्यापूर्वी पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा असल्याने विसाव्याच्या उत्तरार्धात नत्र देणे टाळावे लागते. उशिरा दिलेल्या नत्रामुळे कोवळी फूट येते, ताण नीट बसत नाही व फुलांऐवजी पालवी निघते. पाच वर्षांवरील झाडास वर्षाला ६२५ ग्रॅ. नत्र, २५० ग्रॅ. स्फुरद व २५० ग्रॅ. पालाश अशी शिफारस महात्मा फुले कृषी विद्यापीठाने केली आहे. यातील काढणीनंतरचा भाग जमीन व झाडाचा जोम पाहून ठरवितात. २००० नंतरच्या दशकात या भागातील बागांची अपरिमित हानी करणारा तेल्या (सूक्ष्मजंतुजन्य करपा) हा रोग कोवळ्या फुटीवर सहज पसरतो, हेही जादा नत्र टाळण्याचे एक कारण आहे. [⟶ डाळिंब].

कोकणातील आंब्यास काढणीनंतरचे खत पावसाळ्याच्या आरंभी देतात. पुढील मोहोर ज्या फुटीवर येतो ती पक्व होण्यास वेळ मिळावा, यासाठी काढणीनंतर पालवी लवकर येणे जरूर असते. जांभ्या जमिनीतून मुसळधार पावसात नायट्रेट वाहून जाते. म्हणून खत फांद्यांच्या परिघाखाली वर्तुळाकार चरात शेणखताबरोबर मिसळून झाकतात. भरघोस पीक दिलेल्या झाडाचा साठा रिता झालेला असतो. वर्षाआड फळणाऱ्या जातींत दुसऱ्या वर्षी मोहोर न येण्याची कारणे अनेक असली, तरी रिता साठा हे त्यांतील एक आहे. [⟶ आंबा].

हिमाचल प्रदेश व काश्मीर येथील सफरचंदाच्या बागांत पानगळीपूर्वी पाच टक्के यूरियाचा फवारा देतात. हा फवारा पाने करपविण्याइतका तीव्र असतो. परंतु पाने गळणारच असल्याने त्याची चिंता नसते. यामुळे झाडात नत्राचा साठा वाढतो, गळलेली पाने लवकर कुजतात व त्यांवर हिवाळा काढणाऱ्या खवड्या (स्कॅब) रोगाच्या कवकाचा उपद्रव पुढील वसंतात कमी होतो. नाशिकच्या वेलीवर किंवा इतर सदाहरित झाडांवर एवढ्या तीव्रतेचा फवारा देणे घातक ठरते, कारण त्यांच्या पानांना अजून काम करावयाचे असते.

काढणीनंतरच्या नत्रपोषणाचे तत्त्व सर्व फळझाडांत एकच असले, तरी त्याचा व्यवहार झाडाचा स्वभाव, पाने टिकण्याचा काळ, जमीन व पाणी यांनुसार बदलतो. नाशिकच्या द्राक्षबागेपुरते त्याचे सार असे : काढणीनंतर पाने निरोगी राखणे, जमीन ओलसर ठेवणे, नत्राचा लहान हप्ता वेळेवर देणे, छाटणीपूर्वी वेलीला पुरेसे दिवस मिळू देणे आणि छाटलेला पाला बागेतच परत करणे. यांतील खताचा खर्च सर्वांत कमी असतो. विसाव्याचे दिवस व उन्हाळ्यातील पाणी मिळविणे हेच अधिक अवघड असते. [⟶ उद्यानविज्ञान; नायट्रोजन; वनस्पतिपोषण].